‘कर्करोग’ शिवीसारखा वापरू नका

‘भ्रष्टाचाराचा कर्करोग’ हा शुक्रवारच्या अंकातील अग्रलेख वाचला. मुद्दे पटले, मथळा मात्र खटकला. कर्क म्हणजे खेकडा. प्राचीन ग्रीक वैद्यांनी या व्याधीला ‘कार्किनोस’ म्हटले, रोमन लेखक सेल्ससने त्याचे लॅटिनमध्ये ‘कॅन्सर’ केले आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गॅलेनने स्तनातील गाठीभोवती फुगलेल्या शिरांना खेकड्याच्या पायांची उपमा दिली. नाव पडले ते डोळ्यांना दिसलेल्या आकारावरून. सुश्रुतसंहितेतला ‘अर्बुद’ हा शब्दही गाठीचाच.

माझ्या थोरल्या बहिणीची केमोथेरपी सुरू आहे. तो मथळा वाचून तिने पेपरची मुकाट्याने घडी घातली आणि उशाखाली सारला. दिवसभर ती फारशी बोलली नाही. रोगाचे नावच कलंकासारखे वापरले जाऊ लागले, की गाठ हाताला लागूनही बायका घरात बोलत नाहीत आणि तपासणी लांबते. वेळेत निदान झाल्यास स्तनाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग अनेकदा बरा होतो. भ्रष्टाचारासाठी मराठीत कीड आहे, वाळवी आहे. आपल्या संपादक मंडळाने यापुढे तेच शब्द वापरावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ठाणे