सुकटीचा वास आणि वरच्या खोल्या

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

वरच्या दोन खोल्यांबद्दल मला जे म्हणायचं आहे ते फोनवर जमत नाही. बाबांचा आवाज चढतो, मग माझा चढतो, आणि आई "जेवलीस का" विचारून विषय बदलते. म्हणून लिहायला बसले. बाबा, त्या मणिपूरच्या दोघी मुलींना खोल्या द्या. दोघी नोकरी करतात, भाडं त्यांना परवडतं, एजंटने कागदपत्रंही आणून दाखवली आहेत. अडलंय ते एकाच गोष्टीवर. "ते लोक काहीही खातात, घरभर वास सुटेल." हे तुम्ही बोललात तेव्हापासून मला चैन नाही, कारण हेच मी इथे जर्मनमध्ये ऐकलं आहे, माझ्याबद्दल.

बर्लिनमध्ये घर शोधत होते तेव्हाची गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती, उगाच काळजी कराल म्हणून. एका घरमालकीणबाईंनी मला सगळं घर हौसेने दाखवलं. भारतीय जेवण त्यांना फार आवडतं असंही म्हणाल्या. आणि निघताना विचारलं, "तुम्ही रोज मसाल्याचं करता का? वास भिंतींत बसतो ना." आवाजात राग नव्हता, तिरस्कारही नव्हता. पावसाची चौकशी करावी तसं विचारलं. घर मिळालं नाही. कारण काय होतं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस ऑफिसला जाताना मी ओढणीचा वास घेऊन बघायचे. आई, तुझ्या हातचा गोडा मसाला असलेल्या डब्याची मला भीती वाटायला लागली होती. असं कुणालाही वाटू नये.

इथल्या तुर्की लोकांचं तुम्हाला सांगायला हवं, कारण वासाची ही गोष्ट त्यांनी माझ्या कितीतरी आधी सोसली आहे. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगार आणण्याचा करार झाला. युद्धानंतर कारखाने जोरात चालू होते, माणसं कमी पडत होती. त्याआधी १९५५ मध्ये इटलीशी असाच करार झाला होता. तुर्की कामगारांनी दोन वर्षं राबायचं आणि परत जायचं, असं सुरुवातीला ठरलं होतं. पण काम शिकलेली माणसं दर दोन वर्षांनी बदलणं कारखान्यांनाच परवडेना, म्हणून १९६४ मध्ये ती अट गेली. १९७३ मध्ये भरती थांबली, पण आलेली माणसं राहिली, त्यांची बायकापोरं आली. इटालियनांना तेव्हा "स्पॅगेटी हादडणारे" म्हणून हिणवायचे आणि तुर्कांना "लसूण हादडणारे". आज इथल्या कुठल्याही घरात पोरांना पटकन काय करून घालतात, तर स्पॅगेटी. लसूण तर सगळीकडे आहे.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक तुर्की आजी राहतात. तरुणपणी रेडिओच्या कारखान्यात कामाला आल्या. त्या सांगतात, वसतिगृहात सहा बायका एका खोलीत, आणि शेजारच्या इमारतीतून लसणाच्या वासाची तक्रार यायची. म्हणून त्या रविवारी लसूण खायच्याच नाहीत, सोमवारी कामावर कुणी नाक मुरडू नये म्हणून. आता त्या बाहेर निघाल्या की रस्त्यात दर शंभर पावलांवर डोनर मिळतो.

डोनर म्हणजे उभ्या सळईवर भाजत ठेवलेलं मांस, कापून पावात भरायचं, वर कोबी, कांदा, टोमॅटो आणि चटणी. तुर्कस्तानात ते ताटात वाढायची रीत जुनी. पावात भरून हातात देण्याची पद्धत सत्तरच्या दशकात पश्चिम बर्लिनमध्ये फोफावली. कारखान्यातली कामं सुटली, तेव्हा अनेकांनी गाड्या टाकल्या, दुकानं काढली. आज जर्मन माणसाला हे स्वतःचं वाटतं. २०२४ मध्ये डोनर महागला तेव्हा तरुण मुलं थेट चान्सलरना, म्हणजे इथल्या सरकारप्रमुखांना, विचारत होती, सरकार किंमत का बांधून देत नाही? डाव्या पक्षाने तशी मागणीच केली. त्याच्या दोन वर्षं आधी तुर्कस्तानने युरोपीय संघाकडे अर्ज केला होता की डोनर कशाला म्हणायचं याचे नियम ठरवून द्या. त्याला हरकत कुणी घेतली? जर्मन सरकारने. पदार्थ इतका आपला झाला आहे की त्यासाठी भांडायला ते तयार आहेत.

आणि माणसं? एकदा दुपारी आम्ही चार सहकारी डोनर घेऊन बाकावर बसलो होतो. एक जण मला म्हणाला, "तुम्ही भारतीय कसे, शिकून येता, कामाला लागता. तुर्कांसारखं नाही." त्याला माझं कौतुक करायचं होतं. मी विचारलं, मग तुझ्या हातातलं हे बनवून देणारा कोण? तो म्हणाला, "तो वेगळा. तो आपला माणूस." बाबा, हे "तो वेगळा" मी नंतर फार वेळा ऐकलं. ज्याला ओळखतो तो प्रत्येक जण वेगळा, आणि जे ओळखीचे नाहीत ते सगळे एकसारखे. त्या कौतुकाने मला बरं वाटलं नाही. उद्या तो दुसऱ्या कुणापाशी माझ्या लोकांबद्दल असंच बोलेल, एवढं मला कळलं. वाईट याचं वाटतं की आपले काही भारतीयही गणपतीला जमले की "हे तुर्क" म्हणून सुरू होतात. मेथी, भेंडी, कोथिंबीर आणायला मात्र सगळे मंगळवारी आणि शुक्रवारी कालव्याकाठच्या तुर्की बाजारातच जातात.

हे बोलणं आहे, बोलण्याने काय होतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणून पुढचं लिहिते. वाचून घाबरू नका, मी इथे सुखरूप आहे. २००० ते २००६ या काळात जर्मनीतल्या वेगवेगळ्या शहरांत नऊ माणसांचे खून झाले. आठ जण तुर्की वंशाचे, एक ग्रीक. पोलिसांनी वर्षानुवर्षं संशय घेतला तो मेलेल्यांवर आणि त्यांच्या घरच्यांवर. अमली पदार्थ असतील, टोळीचं देणं असेल, घरातलं भांडण असेल. न्यूरेंबर्गमध्ये तर पोलिसांनी वेश बदलून कित्येक महिने डोनरचं दुकान चालवलं, कुणी गुंड वसुलीला येतो का ते पाहायला. आणि वर्तमानपत्रांनी या खुनांना नाव दिलं "डोनर-खून". नऊपैकी डोनरच्या धंद्यात होते दोघे. पहिला गेला तो फुलं विकणारा होता. कुणी शिंपी, कुणी भाजीवाला, कुणी किल्ल्या बनवणारा, कॅसलमध्ये गेला तो इंटरनेट कॅफे चालवणारा एकवीस वर्षांचा मुलगा. नोव्हेंबर २०११ मध्ये उघड झालं की हे सगळे खून एका नव-नाझी टोळीने केले होते, आणि २००७ मध्ये एका पोलीस बाईचाही त्यांनीच केला होता. भाषेच्या अभ्यासकांचं एक मंडळ दरवर्षी इथे सर्वांत निंद्य शब्द जाहीर करतं. २०११ साठी त्यांनी "डोनर-खून" हाच शब्द निवडला. फेब्रुवारी २०१२ मध्ये चान्सलर मेर्केल यांनी कुटुंबांची जाहीर माफी मागितली. माणसाला त्याच्या खाण्याच्या नावाने ओळखायची सवय इतकी मुरली होती, की तो मेला तेव्हाही लोकांना त्याचा चेहरा दिसला नाही, आणि त्याच्या बायकोला नवऱ्याचं दुःख करायच्या ऐवजी पोलिसांना उत्तरं देत बसावं लागलं.

तळमजल्यावरच्या आजींना आणखी एक गोष्ट लागली. एप्रिल २०२४ मध्ये इथले राष्ट्रपती तुर्कस्तानच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा बर्लिनहून साठ किलोचा डोनर बरोबर नेला आणि इस्तंबूलमध्ये स्वतः कापून पाहुण्यांना वाढला. हेतू चांगलाच असणार. आजी म्हणाल्या, "आमच्यात डॉक्टर झाले, खासदार झाले, कोरोनाची लस शोधणारे झाले. आमची आठवण म्हणून हेच न्यायचं?" मला त्यांचं पटलं.

आता आपल्याकडे येते. बाबा, तुमचं लहानपण दादरचं. १९६६ नंतर शिवसेनेची दक्षिण भारतीयांविरुद्धची मोहीम तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत. उडुपी हॉटेलांवर दगड पडले हे तुमच्याच तोंडून मी ऐकलंय, आणि ते सांगताना तुम्हाला वाईट वाटायचं, कारण त्या हॉटेलातला पोऱ्या तुमच्या वयाचा होता. आज आपल्या घरी इडलीच्या पिठाशिवाय आठवडा जात नाही. मग २००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तिका काढली. बांबूचे कोंब, अखुनी (आंबवलेलं सोयाबीन) आणि तसले वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न होता शिजवा, असा सल्ला त्यात होता. ती मुलं आपल्याच देशाच्या राजधानीत शिकायला आली होती. त्यांना परक्या देशात आल्यासारख्या सूचना दिल्या. मी निदान खरंच परक्या देशात आहे.

आणि आई, तू तर सगळं जाणतेस. बाबांची पुण्याला बदली झाली तेव्हा पेठेत तुम्हाला किती घरांनी "मासे खाता का" विचारून परत पाठवलं. शेवटी जिथे जागा मिळाली तिथे मालक गावाला गेले की तू सुकट भाजायचीस, खिडक्या लावून, दाराखाली ओला टॉवेल सरकवून. माझ्या शाळेच्या डब्यात बोंबील कधीच नसायचे. "शाळेत सांगू नकोस काय जेवलो ते," असं तू मला शिकवलं होतंस. त्यात तुझी चूक नव्हती, तुला आम्हाला सांभाळायचं होतं. पण आता घर आपलं आहे, चावी आपल्या हातात आहे, आणि "काय खाता" हा प्रश्न आपण विचारतो आहोत.

बाबा म्हणाले, "ते कुजके मासे खातात." त्याला न्गारी म्हणतात. छोटे मासे वाळवून मडक्यात दाबून आंबवतात, आणि मग उकडलेल्या भाज्या, बटाटा आणि भाजलेली मिरची यांच्याबरोबर कुस्करून एरोंबा करतात. वास उग्र असतो, हे खरं आहे. सुकटीचा नसतो? आई, तू कांद्यावर परतलेली सुकट आणि त्यांचा एरोंबा एका ताटात ठेवलास तर दोन्हीकडच्या माणसांना जेवताना भाताची वाटी कमीच पडेल. त्यांनी आणि आपण एकच अक्कल वापरली: मासा भरपूर मिळतो तेव्हा तो पुढच्यासाठी टिकवायचा.

शुद्ध, आपलं, परकं हे एवढ्या खात्रीने बोलताना मला तर आपल्या उपासाचीच आठवण येते. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच, बटाटा तिकडचा, हिरवी मिरचीही अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या आणि इतरांच्या जहाजांतून हे आपल्याकडे आलं. आजीने चतुर्थीला इतकी वर्षं जी खिचडी देवापुढे ठेवली, तिच्यात जिरं, तूप आणि मीठ सोडलं तर जवळजवळ सगळंच समुद्रापलीकडचं होतं. तिच्या भक्तीत त्याने काही उणं आलं नाही. जे रुजलं, पिकलं, रांधलं गेलं ते आपलं झालं. माणसाला मात्र आपण तेवढा वेळही देत नाही, दारातच त्याच्या डब्याचा वास घेतो.

तेव्हा करार नेहमीसारखा अकरा महिन्यांचा करा, पोलिसांकडे माहिती द्या, डिपॉझिट जे इतर भाडेकरूंकडून घेता तेवढंच घ्या. त्यात जेवणाबद्दलचं कलम घालू नका. पंखा बसवायचा असेल तर स्वयंपाकघराच्या खिडकीत बसवा, खर्च मी देते. तो सुकटीलाही उपयोगी पडेल. वरच्या मजल्यावर पाण्याचा दाब कमी आहे तेवढं मात्र मुलींना आधी सांगा.

बाबा, तुम्ही नागरिकत्वाचं विचारलं होतंत, त्याचंही उत्तर देते. २७ जून २०२४ पासून इथे आठऐवजी पाच वर्षांनी अर्ज करता येतो आणि जर्मनी दुसरं नागरिकत्व ठेवू देते. आपला देश ठेवू देत नाही, म्हणजे मला भारतीय पासपोर्ट परत करावा लागेल. त्या विचाराने मी रडले आहे, ते लपवत नाही. परीक्षेत ३३ प्रश्न असतात, १७ बरोबर आले की झालं. तयारी झाली आहे. मी अर्ज करणार आहे, कारण "तुम्ही वेगळ्या, ते तुर्क वेगळे" असं म्हणणाऱ्यांच्या शेजारी उभं राहून मला मत द्यायचं आहे, आणि ते मत तळमजल्यावरच्या आजींच्या बाजूचं असेल. तुमची मी तीच आहे.

माझा जन्मदाखला लागेल. मूळ प्रत कपाटात निळ्या फायलीत आहे, ती इकडे पाठवण्याआधी तिच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा. आणि मुलींना काय कळवलंत ते मला लिहा.

तुमची,
धाकटी