अंधारात वाढणारे प्रवाळ

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

ऊन पोहोचत नाही तिथे प्रवाळ जगतो कसा, हा तुझा प्रश्न मागच्या वेळी फोनवर अर्धाच राहिला. काल रात्री त्याचं उत्तर डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लगेच लिहायला बसलो.

आम्ही आयर्लंडच्या नैऋत्येला, पॉर्क्युपाइन सीबाइट या समुद्रतळाच्या खोलगट भागावर आहोत. तळावरच्या गॅलवे या प्रवाळ-टेकडीवर आरओव्ही, म्हणजे जहाजावरून चालवायचं कॅमेऱ्याचं पाणयंत्र, सोडला होता. डेकवरच्या कंटेनरमध्ये पायलटच्या मागे उभा राहून मी पडदा पाहत होतो. खाली जाताना बराच वेळ दिव्यांच्या उजेडात नुसते पांढरे कण वर सरकताना दिसतात. मग सोनारवर चढण उमटली आणि ८०० मीटरच्या आसपास पडदा एकदम प्रवाळांनी भरून गेला. पायलटने एका फांदीवर लेझरचे दोन लाल ठिपके आणून यंत्र स्थिर धरलं. पांढऱ्या कपांतून शेवंतीसारखे उमललेले जीव, एकेकाची बोटं प्रवाहात हलताहेत, आणि फांद्यांच्या बेचक्यात दडलेला एक खेकडा. कंटेनरमध्ये कोणी बोलेना.

हा लोफेलिया नावाचा प्रवाळ. याच्या अंगात उथळ पाण्यातल्या प्रवाळांसारखं शेवाळ नसतं, त्यामुळे उन्हाची गरजच नाही. प्रवाहातून वाहत येणारे अन्नकण आणि बारीक जीव पकडून तो पोट भरतो. त्याला हवा असतो वाहता प्रवाह.

मला सगळ्यात भारी वाटतं ते टेकडीचं घडणं. फांद्यांमध्ये पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ खाली बसतो. तोच गाळ मेलेल्या फांद्यांना आधार देतो, त्यांवर नवा प्रवाळ चढतो. वाढ मागे पडली, तर मात्र तोच गाळ त्याला गाडून टाकतो. जवळच्या चॅलेंजर टेकडीची उंची १५५ मीटर. २००५ मध्ये तिला आरपार छिद्र पाडून नमुने काढले, तेव्हा तळाचं वय सुमारे २६ लाख वर्षं निघालं. जमिनीतून झिरपणाऱ्या वायूवर या टेकड्या उभ्या राहिल्या असाव्यात, असं आधी काही जण मानत. त्या नमुन्यांत तसा पुरावा सापडला नाही.

आणि एवढं सगळं ट्रॉलरच्या, म्हणजे तळावरून जाळं ओढणाऱ्या मासेमारी जहाजाच्या, एका फेरीत मोडतं, सुहास. दुसऱ्या एका उतारावर फांद्यांत अडकलेलं जाळं दिसलं. आजूबाजूला नुसता चुरा. युरोपियन युनियनने २०१६ मध्ये ८०० मीटरखाली तळ खरवडणारं ट्रॉलिंग बंद केलं, २०२२ मध्ये त्याहून उथळ पाण्यातल्या ८७ जागाही बंद केल्या. चांगलं झालं, पण माझ्या मते पुरेसं नाही. कारण हा प्रवाळ खोलीची रेघ पाळत नाही. नॉर्वेच्या त्रोंडहाइम फ्योर्डमध्ये (समुद्राच्या अरुंद खाडीत) तो ४० मीटरच्या आतही वाढतो.

प्रवाह उतरला तर उद्या मोइरा टेकड्यांवर जायचंय. त्या जेमतेम १० मीटर उंचीच्या, त्यामुळे टेकडीची सुरुवात कशी होते ते तिथे पाहता येईल. व्हिडिओ मिळाला की तुला पाठवतोच.

तुझा,
मंदार