पॉलिसीत बसतं का, आणि दाखवावं का?

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय दादा आणि वहिनी,
साष्टांग नमस्कार.

दादा, रविवारी फोनवर तू दोन प्रश्न विचारलेस आणि आई खोलीत आल्यावर विषय बदललास. तुमच्या छोटीच्या मानसिक आजाराच्या उपचारांचा खर्च आपल्या मेडिक्लेममध्ये बसतो का, आणि बसत असला तरी ते कंपनीला कळू द्यावं का. घाईघाईत बोलण्यासारखा हा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. वहिनी, हे पत्र तूही वाच. बिलं, फाइल आणि डॉक्टरांच्या वेळा शेवटी तुझ्याच अंगावर पडतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुझा जीव त्यातच अडकला आहे. लपवू नका. आपल्या लालबागच्या डॉक्टरांना सांगून कागदावर "अशक्तपणा" लिहून घेऊ, असं तू म्हणालास. तसं अजिबात करू नकोस. औषधं मनाच्या आजाराची आणि निदान अशक्तपणाचं असं असेल, तर उद्या कधी दाखल करायची वेळ आली की हाच कागद आपल्याविरुद्ध उभा राहील. पण मला त्याहून मोठी काळजी छोटीची आहे. ती 20 वर्षांची आहे, तिला सगळं समजतं. बाप आपला आजार कागदावरसुद्धा येऊ देत नाही हे तिने पाहिलं, तर पुढच्या वेळी जास्त त्रास झाला तरी ती आपल्याला सांगेल का?

लग्नाचं म्हणशील, तर विमा कंपनीची फाइल सोयरिकीच्या बैठकीत कुणी उघडत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि डॉक्टर, रुग्णालय त्याने बांधलेले आहेत. ऑफिसच्या ग्रुप मेडिक्लेममधून क्लेम केला तर एचआरच्या टेबलावरून कागद जाईल अशी धास्ती वाटत असेल, तर घरच्या सगळ्यांची मिळून असलेली फ्लोटर पॉलिसी वापर. तो निर्णय तुझा.

आता पॉलिसीत बसतं का. याच कायद्याच्या कलम 21 मध्ये लिहिलं आहे की शरीराच्या आजारांना ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर मनाच्या आजारांनाही मिळाला पाहिजे. कायदा 29 मे 2018 ला लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सगळ्या कंपन्यांना तसं कळवलं. तरी कंपन्या टाळाटाळ करतच राहिल्या. एका बाईंना दाखल केल्याचा खर्च नाकारला गेला तेव्हा प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि 2021 मध्ये न्यायालयाने कंपनीला पैसे द्यायला लावले. मग ऑक्टोबर 2022 मध्ये आयआरडीएआयने पुन्हा बजावलं की 31 ऑक्टोबरपर्यंत सगळ्या पॉलिसी या कायद्याला धरून झाल्या पाहिजेत. म्हणून "मानसिक आजार आमच्याकडे कव्हर होत नाही" असं एजंट तोंडी म्हणाला, तर त्याला ते लेखी द्यायला सांग. बहुतेक वेळा तो देणार नाही.

पण इथे एक मोठी गोम आहे आणि ती तुला आत्ताच कळलेली बरी. आपल्याकडचा मेडिक्लेम मुळात दाखल होण्यासाठी असतो. काही ठरावीक डे-केअर उपचार सोडले तर किमान 24 तास रुग्णालयात राहिलं की पैसे. "त्याच आधारावर" याचा अर्थ एवढाच, की मधुमेहाच्या ओपीडीचे पैसे मिळत नसतील तर नैराश्याच्या ओपीडीचेही मिळणार नाहीत. आणि छोटीला लागणार आहे ती ओपीडीच: महिन्या-दीड महिन्याने सायकियाट्रिस्ट, दर आठवड्याला थेरपी आणि औषधं. वहिनीने सांगितलेल्या 2,000 रुपये फीने नुसत्या थेरपीचे महिन्याला 8,000 होतात. कायद्याने दार उघडलं खरं, पण ज्या खोलीत छोटीला जायचंय तिथवर ते पोचत नाही. याचा मला मनापासून राग येतो. मनाच्या आजारात बहुतेकांना दाखल व्हायची गरज नसते. वेळेवर, नेमाने, महिनोन् महिने बाहेरून उपचार मिळाले की माणूस उभा राहतो, आणि नेमकं तेवढंच विम्यातून सुटतं.

म्हणून पॉलिसीच्या पुस्तिकेत पहिल्यांदा ओपीडीचं कलम शोध. काही पॉलिसींत ते आतच असतं, काहींत जास्त प्रीमियम भरून रायडर म्हणून घेता येतं. असेल तर हे वाच: वर्षाची मर्यादा किती, फक्त सायकियाट्रिस्टची फी मिळते की सायकॉलॉजिस्टचीही, त्यांच्याच यादीतल्या डॉक्टरकडे जावं लागतं का, आणि किती महिन्यांनी लागू होतं. टोल-फ्रीवर विचारलंस तरी तेच प्रश्न नंतर ईमेलने पाठव. फोनवरचं "हो सर, मिळेल" क्लेमच्या वेळी कुणाला आठवत नाही.

हे मी इतकं ठामपणे का सांगते, ते तुला ठाऊक आहे. मे 2020 मध्ये बाबा गेले तेव्हा विमानं बंद होती आणि मी इथे अडकले. त्यानंतर माझी झोप गेली. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या छाती धडधडायची. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, हृदय ठीक निघालं, आणि त्यांनी थेरपिस्टकडे जायला सांगितलं. इथे 2008 पासून कायदा आहे की विम्यात मनाचे आजार असतील तर त्यांना शरीराच्या आजारांपेक्षा कडक अटी लावायच्या नाहीत. ओपीडीही विम्यात असते. म्हणजे तुमच्यापेक्षा माझं सोपं असायला हवं होतं.

विमा कंपनीच्या वेबसाइटवर थेरपिस्टची लांबलचक यादी होती. फोन करत गेले तसं कळलं की कुणी प्रॅक्टिस बंद केली होती, कुणी विमा घेणं सोडून दिलं होतं, कुणाकडे नव्या पेशंटला जागाच नव्हती. ज्याला सकाळी उठून दात घासायचं बळ नाही, त्याने असे फोन करत बसायचं, याच्याइतकी क्रूर गोष्ट मी पाहिली नाही. मी सोडून देणारच होते. शेवटी तुझ्या मेहुण्याने कार्डामागच्या नंबरवर फोन लावला आणि सांगितलं, तुमच्या यादीत मोकळं कुणी मिळत नाही, तर यादीबाहेरच्या बाईंकडे जाऊ द्या आणि पैसे यादीतल्या दरानेच धरा. अशी सवलत मागता येते हे त्याला त्या बाईंच्याच ऑफिसातून कळलं होतं. त्याने अर्ज केला, संदर्भ क्रमांक लिहून ठेवला, पुन्हा पुन्हा पाठपुरावा केला आणि सवलत मिळाली. इथे वर्षाच्या सुरुवातीला ठरावीक रकमेपर्यंत सगळं आपल्या खिशातून जातं, ते डिडक्टिबल. ते संपलं की दर भेटीला ठरलेली छोटी रक्कम, म्हणजे कोपे. जानेवारी आला की पुन्हा पहिल्यापासून. हा हिशेबही त्यानेच ठेवला. मी फक्त बाईंसमोर जाऊन बसायचे आणि बोलायचे.

दादा, मला तुझ्याकडून तेच हवं आहे. आजारी माणसाने कागद सांभाळायचे नसतात. छोटीला फोन, फॉर्म, क्लेम यातलं काहीही करायला लावू नकोस. "तुझ्यापायी केवढे पैसे जातात" हे तर चुकूनही तिच्या कानावर पडू देऊ नकोस. तिने फक्त वेळेवर जायचं आणि औषध घ्यायचं.

बिलांकडे वहिनी, तू लक्ष दे. प्रत्येक पावतीवर तारीख, छोटीचं पूर्ण नाव, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि सही-शिक्का हवा. सायकॉलॉजिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी आहे का ते विचार. विचारायला संकोच वाटू देऊ नकोस, चांगला माणूस लगेच सांगतो. क्लेमला त्याचा उपयोग होतोच, पण हल्ली कुणीही पाटी लावून समुपदेशन करतं, म्हणून क्लेम नसता तरी मी हेच सांगितलं असतं. औषधांच्या बिलाला प्रिस्क्रिप्शनची प्रत जोडून ठेव. कधी दाखल करावं लागलंच, तर बहुतेक पॉलिसी आधीच्या 30 आणि नंतरच्या 60 दिवसांचा त्याच आजाराचा खर्चही देतात, तेव्हा ही फाइल कामी येईल. आणि दादा, तुझ्या ऑफिसात कर्मचाऱ्यांसाठी मोफत समुपदेशनाची योजना आहे का ते बघ. पुष्कळ कंपन्यांत असते, घरच्यांनाही लागू असते, आणि कुणी वापरली त्यांची नावं समुपदेशक वरिष्ठांना कळवत नाहीत.

पॉलिसी मात्र कुठल्याही परिस्थितीत खंडित होऊ देऊ नका. छोटीचा त्रास पॉलिसी सुरू झाल्यावर कितीतरी वर्षांनी लक्षात आला, त्यामुळे तो आधीपासूनचा आजार ठरत नाही. विम्याची रक्कम वाढवली नाही, तर नूतनीकरणाच्या वेळी कंपनीला तिची नव्याने छाननी करता येत नाही, आणि क्लेम केला म्हणून नूतनीकरण नाकारताही येत नाही. पण तू मागे म्हणत होतास तशी कंपनी बदलायची किंवा रक्कम वाढवायची झाली, तर फॉर्ममध्ये हा आजार लिहावाच लागेल. तिथे "नाही" वर खूण केलीस तर पुढे त्याच कारणाने मोठा क्लेम बुडू शकतो, मग तो अपेंडिक्सचा का असेना. आत्ता आहे तीच चालू ठेव, असं माझं मत. बहुतेक फ्लोटरमध्ये मुलं 25 वर्षांपर्यंतच राहतात, म्हणून त्याच्या आधी तिची वेगळी पॉलिसी करताना सलगता कशी राखायची तेही लेखी विचारून ठेव.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिही. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझला आहे. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात.

पण यातलं काहीही होईपर्यंत थांबू नका. पॉलिसीचं उत्तर येवो न येवो, छोटीला या आठवड्यातच दाखवा. खाजगी डॉक्टरांची वेळ लांबची मिळाली, तर घरापासून केईएम रुग्णालय किती लांब आहे? तिथे मानसोपचाराची ओपीडी आहे, नायरला आणि शीवलाही आहे, खर्च नाममात्र. गर्दी असते, बाकावर बसून राहावं लागतं, पण मोठमोठे मानसोपचारतज्ज्ञ तिथेच शिकले आहेत. ओळखीचं कुणी दिसेल म्हणून जायचं टाळू नका. जो दिसेल तोही त्याच रांगेत असेल. मधल्या काळात टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आयकॉल हेल्पलाइनवर तिला फोनवर बोलता येईल. आणि सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, 14416, रात्रंदिवस मोफत चालते, मराठीतही. हा नंबर तुमच्या दोघांच्या आणि तिच्याही फोनमध्ये आजच घाला. तिने जगण्याबद्दल काही वेडंवाकडं बोललं, तर ते "असंच बोलते" म्हणून सोडू नका, तिला एकटं ठेवू नका आणि थेट केईएमच्या कॅज्युअल्टीत न्या. त्या वेळी कार्ड, यादी, कॅशलेस काहीही बघायचं नाही.

आईला सांगायचं की नाही, हे छोटीला विचारा. सांगायचं ठरलं तर मी बोलते तिच्याशी. बाबांनंतर मी काय सोसलं ते तिने फोनवरून ऐकलेलं आहे, आपल्याला वाटतं त्यापेक्षा तिला लवकर कळेल.

पॉलिसीच्या शेड्यूलचं पान, "वगळलेले खर्च" हे प्रकरण आणि ओपीडीचं कलम असेल तर तेही, एवढ्या पानांचे फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठव. कंपनीला पाठवायच्या ईमेलचा मसुदा मी इथून करून देते. पहिल्या वर्षाच्या थेरपीचे पैसे मी पाठवते आहे, त्यावर वाद घालू नकोस. छोटीला म्हणावं, आत्या रोज रात्री तुमच्या दहानंतर मोकळी असते, बोलावंसं वाटलं तर बोल, नाही वाटलं तर नुसता मिस्ड कॉल दे.

आईला नमस्कार. वहिनी, तू स्वतः जेवतेस ना नीट?

तुमची,
ताई नव्हे, अजूनही धाकटीच