बुधवारची प्रार्थनासभा : विषय 'मनाची काळजी'

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

येत्या बुधवारी संध्याकाळी 7 वाजता नेहमीच्या जागी प्रार्थनासभा आहे. पवित्र शास्त्रातले हे भाग घरून वाचून यावे : स्तोत्र 42, 1 राजे अध्याय 19 आणि फिलिप्पै 4:4-9.

फिलिप्पैकरांस पत्र प्रेषित पौलाने बंदिवासात असताना लिहिले, हे ध्यानात ठेवून वाचा. चिंता करू नका, एवढ्यावर तो थांबत नाही. आपले मागणे देवाला कळवा, तेही आभार मानून, असे सांगतो. म्हणून झोप उडाली की काळजी नुसती घोळवत न बसता तिचे नाव घेऊन प्रार्थना करा. मुलाची नोकरी, कर्जाचा हप्ता, डॉक्टरांचा रिपोर्ट, जे असेल ते. स्तोत्रकर्ता तर आपल्या जिवालाच विचारतो, तू खिन्न का झालास?

1 राजे 19 मधला एलीया संदेष्ट्याचा प्रसंग मला सर्वांत जवळचा वाटतो. मरण मागत तो झुडपाखाली झोपला, तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, तेही दोनदा. (आपल्यातल्या उपदेशप्रिय मंडळींनी, मी धरून, हे वाचावेच.)

डॉक्टरांची औषधे प्रार्थनेच्या नावाखाली परस्पर बंद करू नयेत. शुभवर्तमान लिहिणारा लूकही वैद्यच होता. जीव फार घाबरत असेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या मोफत सरकारी क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते.

सभेत बोलण्याची कोणावरही सक्ती नाही. तिथे कोणी सांगितलेले ग्रुपवर टाकू नये. येताना पवित्र शास्त्र आणि गीतांचे पुस्तक आणावे.