चिखली कुठली ते सांगणारा माणूस रेडिओवर ठेवा: माहिती व प्रसारण मंत्र्यांना कोल्हापुरातून खुलं पत्र

मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
नवी दिल्ली

साहेब, नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय. तुमच्या ऑफिसात कुणी ना कुणी मराठी असणारच, त्याला वाचून दाखवायला सांगा, आणि तो नेमका आमच्या भागातला निघाला तर मग बघायलाच नको, निम्म्या पत्रात तोच तुम्हाला पुढचं सांगायला लागेल.

गेल्या महिन्यात आमच्याकडचे एक जुने रेडिओ निवेदक वारले. नाव लिहीत नाही, घरच्यांना ते आवडणार नाही. स्टेशनचंही लिहीत नाही, तिथं अजून पोरं कामाला आहेत, त्यांना उगाच ताप नको. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. ते गेले त्या संध्याकाळी मी मुद्दाम रेडिओ लावला, म्हटलं दोन ओळी तरी सांगतील, ज्या माणसानं इतकी वर्षं इथनं "नमस्कार मंडळी" म्हटलं त्याच्यासाठी एक मिनिट काय अवघड आहे. तर त्या वेळेला दुसऱ्या शहरातनं कार्यक्रम रिले चालू होता. ट्रान्समीटरवर माणूस होता, माईकवर कोणच नव्हतं. मुद्दाम केलं असं नाही हो, वेळापत्रकच तसं आहे, त्या तासाला इथून बोलायला कुणी नेमलेलाच नसतो. स्मशानात आलेल्या लोकांना बातमी कळली ती व्हॉट्सॲपवर.

२० फेब्रुवारी २०२४ ला रेडिओ सिलोनवरच्या गीतमालेचे निवेदक अमीन सयानी गेले तेव्हा दिल्लीपासून गल्लीपर्यंत सगळ्यांनी श्रद्धांजली वाहिली, आणि वाहायलाच पाहिजे होती, तो माणूसच तेवढा मोठा. माझे वडील बुधवारी रात्री रेडिओ सिलोन लावायचे ते त्या आवाजासाठी, गाणी काय नंतरची गोष्ट. पण साहेब, सयानींची गोष्ट तुमच्या खात्याला वेगळ्या कारणासाठी माहीत असायला पाहिजे. १९५२ मध्ये तुमच्या खुर्चीवर बाळकृष्ण केसकर आले, आपला मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे मोठे भक्त, आणि त्यांच्या धोरणापायी सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि कोलंबो, म्हणजे रेडिओ सिलोन, लावलं. त्याच वर्षी डिसेंबरात तिथं सयानींची गीतमाला, सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम, सुरू झाली, रेकॉर्डिंग मुंबईत व्हायचं, ते कोलंबोला जायचं आणि तिथून परत भारतात ऐकू यायचं. सरकारनं विविध भारती काढली ती ३ ऑक्टोबर १९५७ ला. पाच वर्षं गेली समजायला, की वरून ठरवलेलं लोक ऐकत नाहीत, त्यांना आपलं वाटणारं काहीतरी लागतं. सिलोनचा आवाज हजार मैलांवरून यायचा तरी आपला वाटायचा, आणि आज आमच्याच डोंगरावरच्या टॉवरवरून येणारा आवाज परका वाटतो, हे उलटं कसं झालं ते बघा जरा.

तर अण्णा. आयुष्यभर कॅज्युअल, म्हणजे कायम नोकरी नाही, ड्युटीपुरते बोलावलेले. तुम्हाला माहीत असेलच, कॅज्युअल निवेदकाला महिन्याला सहाच ड्युट्या, पुढच्या महिन्यात नाव लागलं तर लागलं. पगार नाही, पेन्शन नाही, रजा तर शब्दच विसरा. बाकीचे दिवस ते विम्याची एजन्सी करायचे, गावोगाव लुनावर फिरून. लोक पॉलिसी घ्यायचे का माहीत नाही, पण आवाज ऐकल्या ऐकल्या दारातनं आत बोलावून चहा पाजायचे, "अवो तुमी रेडिओवालं न्हवं?" अण्णा त्या चहाच्या नादात गावाची माहिती काढायचे, कुठल्या वाडीला कुठून रस्ता, पावसात कुठला पूल आधी जातो, यात्रा कधी. ते सगळं नंतर माईकवर कामाला यायचं.

मी पण काही वर्षं त्यांच्या हाताखाली कॅज्युअल होतो, मग वडिलांचं उद्यमनगरातलं दुकान बघायला लागलो. पण सकाळच्या ड्युटीची सवय अजून गेली नाही, पाचला जाग येतेच. त्या ड्युटीला अंधारातच स्टेशन गाठायचं, क्यू शीट घ्यायची, तिच्यात मिनिट सेकंदानं सगळा कार्यक्रम मांडलेला, लायब्ररीतून आलेले टेपचे स्पूल एकदा फिरवून बघायचे, मग संकेतधून, वंदे मातरम, आणि दिवस सुरू. सात वाजून दहा मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या जोडायच्या. सात दहा म्हणजे सात दहा, गाणं अर्धं राहिलं तरी फेडर, म्हणजे आवाजाचा खटका, खाली. आम्ही नवीन पोरं गाणं कचकन तोडायचो. अण्णा आधीपासूनच असं गाणं निवडायचे की शेवटचं कडवं संपायला आणि पुणं यायला एकच गाठ पडावी. ऐकणाऱ्याला त्यातलं काही कळायचं नाही. (त्याच पुण्याचा वृत्तविभाग जून २०२३ मध्ये बंद करून छत्रपती संभाजीनगरला हलवायचा आदेश निघाला होता, ओरड झाली म्हणून थांबला. म्हणजे ओरडलं की तुमच्याकडं ऐकू जातं, हे त्यातनं कळलं, म्हणून तर हे पत्र.)

अण्णांची एक तांबडी पेन्सिल होती. कागद कुठलाही येऊ दे, जिल्ह्याच्या माहिती कार्यालयाचा, पाटबंधाऱ्याचा, एसटीचा, प्रत्येक गावाच्या नावापुढे ते तालुका लिहायचे. चिखली दिसली की थांबायचे. कारण एक प्रयाग चिखली करवीर तालुक्यातली, पंचगंगेच्या काठाला, आणि दुसरी चिखली कागल तालुक्यातली. दोन्हीकडं पूर येतो. शिरोली आणि शिरोळचं तसंच. शिरोली म्हणजे हायवेवरची, पुलाची शिरोली, आणि शिरोळ म्हणजे नरसोबावाडीकडचा अख्खा तालुका. कसबा म्हटलं तर बावडा का बीड का सांगाव का वाळवे? बाहेरचा माणूस "शिरोली में पानी" एवढं वाचून मोकळा होईल आणि इकडं दोन तालुक्यातली माणसं बॅगा भरायला लागतील, नाहीतर त्याहून वाईट, ज्यांनी भरायला पाहिजे तीच बसून राहतील.

२००५ च्या पुरात पुढचा निवेदक पाण्यापलीकडं अडकला आणि अण्णा स्टेशनातच राहिले, दोन का तीन दिवस. कागदावर ड्युटी एकच लागली असणार, विचारलं तर नुसते हसायचे. मी तेव्हा घरी, लाईट गेलेली, पेन्सिल सेलवरचा रेडिओ कट्ट्यावर ठेवून अख्खी गल्ली भोवती. ते कसं वाचायचे सांगतो. आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी, फूट आणि इंच, दोनदा. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, हे प्रत्येक वेळी सांगायचे, सगळ्यांना पाठ आहे असं धरून चालायचे नाहीत, सासरी नवीन आलेल्या पोरीला कुठनं माहीत असणार म्हणायचे. मग राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे, सातांपैकी किती आणि कितव्या नंबरचे उघडले. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक असं कागदावर असतं, अण्णा तो आकडा वाचायचे आणि लगेच पुढं जोडायचे की हे पाणी तुमच्यापर्यंत यायला वेळ आहे, जनावरं आधी सोडा, घाई करून रात्रीचं पाण्यात उतरू नका. हे जोडलेलं वाक्य कुठल्या कागदावर नव्हतं साहेब. ते त्यांचं होतं. आवाज कुठंही चढला नाही, एकदाही नाही. आज टीव्हीवर पूर दाखवताना जो आरडाओरडा चालतो तो बघितला की अण्णांची लई आठवण येते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये तर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, हायवे शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद, पेट्रोल नाही, दूध नाही, बऱ्याच गावात मोबाईलचे टॉवर बसलेले. ज्यांच्या घरात जुना ट्रान्झिस्टर होता त्यांचं बरं. बाकीच्यांच्या हातात पंधरा वीस हजारांचे फोन आणि त्यात एफएम नाही, किंवा चिप आहे पण कंपनीनं चालू ठेवलेली नाही. तुमच्याच सरकारनं २०२३ मध्ये मोबाईल कंपन्यांना सांगितलं ना, की फोनमध्ये एफएम चालू ठेवा म्हणून? सूचना म्हणून सांगितलं. सूचनेनं काय होतंय, दुकानात जाऊन आजचा नवा फोन बघा. सक्ती करा की. हेडफोनची पिन असणारे फोनच आता कमी झालेत आणि त्या वायरीशिवाय रेडिओला अँटेना कुठली, याचा विचारही कुणीतरी करायला पाहिजे.

आता खासगी एफएमवाल्यांबद्दल. त्यांना शिव्या घालायला हे पत्र नाही, लहान शहरातलं ते आयुष्य मी जवळून बघितलंय. मुंबईच्या आरजेचं होर्डिंग लागतं, इथला आरजे सकाळचा शो करतो, दुपारी गुजरीतल्या सराफाची जाहिरात स्वतः लिहितो, स्वतःच सासू आणि स्वतःच सून होऊन ती रेकॉर्ड करतो, संध्याकाळी सेल्सच्या पोराबरोबर पशुखाद्याच्या डीलरकडं जाऊन चेक मागतो आणि रविवारी मॉलच्या उद्घाटनाला माईक धरून उभा. इतकं करून शाहू स्टेडियमवर पीटीएम आणि शिवाजीची फुटबॉल मॅच असली की त्याचा जीव तिथंच. पण त्याला बातमी सांगायची परवानगी नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं लावता येतं, प्रशासनानं दिलेली पुराची, पाण्याची, लाईटची सूचना वाचता येते, पण आंबेवाडीतून एखाद्यानं फोन करून सांगितलं की आमच्या गल्लीत पाणी शिरलंय, आणि आरजेनं ते खात्री करून स्वतःची बातमी म्हणून दिलं, की नियमात अडकला. यूट्यूबवर कुणीही मोबाईल धरून काहीही बोलू शकतो, त्याला लायसन नाही, आणि ज्याच्याकडं तुमचं लायसन आहे, पत्ता आहे, ज्याला उद्या जाब विचारता येईल, त्याचं तोंड बांधलेलं. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, सप्टेंबर २०२३ मध्ये शिफारस केली की खासगी एफएमला तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्या देऊ द्या. त्या शिफारशीचं काय झालं ते एकदा जाहीर सांगा, एवढंच म्हणणं आहे.

आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं २३४ नव्या शहरांत ७३० चॅनेलना मंजुरी दिली, त्याच्या बातम्या मी आनंदानं वाचल्या, स्थानिक भाषा, स्थानिक रोजगार वगैरे. पण चॅनेल म्हणजे नुसता टॉवर नव्हे. मोठ्या शहरात बसून रेकॉर्ड केलेला "काय म्हणतायसा कोल्हापूरकर" आम्हाला पहिल्याच शब्दात कळतो हो. बाहेर रंकाळ्यावर धो धो पाऊस पडत असतो आणि तो म्हणतो आज मस्त ऊन आहे. लायसन देताना दिवसातले किती तास त्याच गावात बसून, जिवंत माणसानं, लाईव्ह बोलायचं ते अटीत लिहा. सरकारी स्टेशनांनाही हीच अट लावा, तिथं तर लायसनचा पण प्रश्न नाही, तुमची एक सही पुरे. खर्चाचं म्हणाल तर कॅज्युअलच्या ड्युटीला किती पैसे लागतात हे तुमच्या खात्याइतकं कुणाला माहीत, मी इथं आकडा लिहिला तर आपल्या दोघांनाही लाज वाटेल.

अजून एक. त्या स्पूल टेप. लहान स्टेशनांवर जुनी रेकॉर्डिंग पडून आहेत, त्यात शाहीर आहेत, भेदिक गाणारे, जोतिबाच्या यात्रेतली सासनकाठ्यांची वर्णनं, गुऱ्हाळावरच्या मुलाखती, आता हयात नसलेल्या माणसांच्या. दिल्ली मुंबईतल्या मोठ्या कलाकारांचं जतन झालं, चांगलंच झालं. आमच्याकडच्या टेपवर बुरशी चढते, आणि ज्याला टेप बघून हा आवाज कुणाचा ते सांगता येतं ती पिढी आता चाललीय. अण्णांना येत होतं. त्यांना कुणी विचारलंच नाही, आणि आता विचारता येणार नाही.

मला अण्णांच्या नावानं पुरस्कार नको, स्टुडिओला नाव नको, त्यांना तर अजिबात नको झालं असतं, ते म्हणाले असते त्यापेक्षा दोन ड्युट्या वाढवा. येत्या जूनच्या आधी एवढं करा: पावसाळ्याचे चार महिने पूर येणाऱ्या प्रत्येक जिल्ह्याच्या स्टेशनवर रात्रभर एक स्थानिक निवेदक माईकवर बसवा, सहा ड्युट्यांची मर्यादा निदान तेवढ्या काळापुरती उठवा, आणि पाणी इशारा पातळीला लागलं की रिले तोडायचा अधिकार त्या निवेदकालाच द्या, मुंबईला फोन लावून परवानगी मागायची भानगड नको, फोन लागत नाही तेव्हाचीच तर ही सोय आहे. ऑर्डर निघाली की एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला पाठवा, तिथून आम्ही घेऊ.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना कॅज्युअल, कोल्हापूर