मावशीला 'लेडी रसेल' म्हणालीस त्यावरून

ता. दर्यापूर, जि. अमरावती

चि. मनूस आशीर्वाद.

सहाच्या एसटीनं उपाशीच गेलीस. भाकर-ठेचा बांधलेला फडका ओट्यावर तसाच राहिला. मालूमावशीनं अमरावतीचं स्थळ काढलं, तर जाता जाता तिला 'लेडी रसेल' म्हणालीस. ती मला विचारत होती, हे कोण गा? मी काही सांगितलं नाही. पण जेन ऑस्टेनची 'पर्स्वेशन' ही कादंबरी मी इतकी वर्षं बी.ए.ला शिकवली, त्यातल्या बाईचं नाव तू शिवीसारखं वापरलंस, ते लागलं.

लेडी रसेल वाईट नाही, मनू. कादंबरीची नायिका अ‍ॅन चौदा वर्षांची असताना तिची आई गेली. बाप आपल्या रूपात आणि घराण्याच्या नावात गुंग. त्या घरात अ‍ॅनची किंमत कळलेली ही एकटीच, आईची मैत्रीण. अ‍ॅन एकोणीस वर्षांची असताना वेंटवर्थ आला. नौदलातला, हुशार, बोलण्यात चमक, पण गाठीशी पैसा नाही आणि पाठीशी कोणी नाही. त्याचा जो भरवसा अ‍ॅनला भावला, तोच लेडी रसेलला उतावीळपणा वाटला. तिला चुरचुरीत बोलण्याची गोडी नव्हती आणि अविचाराची धास्ती होती, म्हणून हे लग्न नको असं तिनं सांगितलं. 'आपण सोडलं तर त्याचंच भलं होईल' असं अ‍ॅनच्या मनानं घेतलं, म्हणून तिनं ठरलेलं लग्न मोडलं. नुसत्या धाकानं तिनं मोडलं नसतं.

मी काही विचारायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलो. फक्त दोन वर्षांमागं त्या पोराला 'नाही' कळवलंस, ते तुझं होतं की आमचं? असो.

बाविसाव्या वर्षी चार्ल्स मसग्रोव्हला अ‍ॅन नाही म्हणते, आणि तेव्हा कोणाला विचारत नाही. लेडी रसेल हळहळते. पुढं बाथ शहरात मिस्टर एलियट येतो, तिच्या बापाच्या किलिंच या जहागिरीचा वारस. अ‍ॅन आपल्या आईच्या जागी बसेल, याच आनंदात ती बाई असते. क्षणभर अ‍ॅनलाही मोह पडतो. पण हा माणूस कधी चिडत नाही, कधी हरखत नाही, सगळ्यांशी सारखाच गोड, हे अ‍ॅन हेरते. लेडी रसेलनं दोन्ही माणसं वरच्या वागण्यावरून जोखली आणि दोन्ही चुकली. अमरावतीचं स्थळ नको असेल तर नको. मावशीला मी सांगतो.

तरी त्या बाईची मोठी चूक मला वेगळीच वाटते. सात-आठ वर्षं दोघींचं येणं-जाणं होतं, पण त्या एका गोष्टीचा शब्द कधी निघाला नाही. अ‍ॅनच्या मनात अजून तेच आहे का, हे तिनं विचारलंच नाही. पुल्टनी स्ट्रीटवर गाडीतून जाताना वेंटवर्थ दिसतो. लेडी रसेल त्याच बाजूला टक लावून बघते, इकडे अ‍ॅनचा जीव वरखाली. आणि ती बघत असते कुठल्याशा घराचे खिडकीचे पडदे!

शेवटी वेंटवर्थ विचारतो, १८०८ साली जहाज मिळालं, थोडा पैसा हाती आला, तेव्हा पत्र टाकलं असतं तर? अ‍ॅनच्या उत्तरात शंकेला जागाच नाही. मानापायी त्यानं लिहिलं नाही, सहा वर्षं गेली. आणि तरीही अ‍ॅन लेडी रसेलला दोष देत नाही. सल्ला चुकीचा होता, पण आईच्या जागी असलेल्या बाईचं ऐकलं ते चुकलं नाही, म्हणते. असा सल्ला मी मात्र कोणाला देणार नाही, हेही म्हणते.

बघ, तासच घेतला. माफ कर. तू नेट पास झालीस ते मी सोसायटीत, पोस्टात, सगळ्यांना सांगितलं, आणि इथं तुलाच शिकवत बसलो. पण मनू, तू गप्प राहतेस त्याची भीती वाटते. मीही विचारलं नाही, तुझी आई असती तर तिनं विचारलं असतं. ते 'नाही' तुझं होतं का?

पऱ्हाटीचा दुसरा वेचा झाला. वावरातल्या तुरीच्या शेंगा पुढच्या आठवड्यात पाठवतो. मावशीला फोन कर, ती दोन दिवस धड जेवली नाही.

त्याची आई बाजारात भेटली होती. पोराचं अजून कुठं जमलं नाही म्हणाली. मी पुढं काही बोललो नाही.

तुझे बाबा