सिस्टरबाई, डबा परत करतो आहे

आदरणीय सिस्टरबाई,

नमस्कार, आणि तुमच्या रीतीचा सलामही.

तुम्ही आता नागपूरला मुलाकडं कायमच्या चालल्या, असं आईकडून कळलं. समोर आलो की तुम्ही मला बोलू देत नाही, “बरं बरं, चहा घे” म्हणून विषय मोडता. म्हणून हे चारचौघांच्या देखत लिहितो.

2017 च्या भादव्यात आमची कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. आत शिरलं की फवारा वरून अंगावरच यायचा. अळीच्या धास्तीनं दोन औषधं एका पंपात कालवली ती मी, आणि पंप पाठीवर घेतला धाकट्या भावानं. तोंडाला नुसता दुपट्टा. दुपारी तो धुऱ्यावर बसला तो उठेचना. घामानं निथळलेला, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. लोक म्हणाले, ऊन लागलं, कांदा हुंगवा.

तुम्ही आलात ते अर्धी वेणी तशीच सोडून. “कपडे काढा त्याचे, सगळे. साबन आना.” मोटारीच्या पाण्याखाली त्याला बसवून तुम्ही डोक्यापासून नखांपर्यंत घासत होता आणि ओठ हलत होते. मी पिसाळलो होतो. ओरडलो, “बाई, प्रार्थना कायची करता आता!” तुम्ही वरही पाहिलं नाही. “हात चालूच हायेत ना माहे?” म्हणालात.

औषधाच्या दोन्ही बाटल्या पिशवीत घालून सोबत घ्यायला तुम्हीच लावल्या. त्या पाहूनच डॉक्टरांनी पटकन त्या विषावरचा उतारा, अ‍ॅट्रोपिन, सुरू केला. त्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात 20 च्या आसपास शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषानं गेले. आमचा वाचला.

तीन रात्री तुम्ही वॉर्डात थांबलात. पहाटे प्लास्टिकचं कव्हर घातलेलं तुमचं पवित्र शास्त्र उघडायचं, दोन पानं वाचायची, मिटायचं, मग भावाची चादर बदलायची. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं कोणी नव्हतं, त्याचीही बदलायची. इकडं गावात कुजबुज, की बाई पोराला किरिस्ताव करणार. ते तुमच्या कानावर आलं होतं, मला माहीत आहे. आठ वर्षं झाली, नाताळच्या करंज्यांच्या ताटाशिवाय तुमच्या धर्मातलं दुसरं काही आमच्या दारात आलं नाही.

तिसऱ्या रात्री मी विचारलं होतं, “देव माफ करते काय, बाई?” औषध मी कालवलं हे तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. वाटलं, तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना कराल आणि माझं ओझं उतरेल. तुम्ही तुमच्या शास्त्रातला मत्तयाचा पाचवा अध्याय काढलात. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी भावाकडं जा, अशा अर्थाचं काहीतरी. “करते माफ,” तुम्ही म्हणालात, “पन पयले त्याले सांग.” किती सोपं वाटतं लिहिताना! वॉर्डाच्या त्या टोकापर्यंत चालत जायला मला अर्धा तास लागला. धाकट्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मले माहीत हाय. चा आन.”

तुमचे वडील यवतमाळच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या कॉलेजात, माळी होते. 1983 साली सेमिनरी पुण्याला गेली आणि तुम्ही इथंच राहिलात. त्यांचीच शिकवण असावी, तुमच्या वावरात निंदणाच्या बायांना मजुरी त्याच संध्याकाळी मिळते. मजुराचा पैसा रात्रभर घरात ठेवू नये असं मोशेच्या नियमशास्त्रात लिहिलंय, हे तुम्हीच एकदा सांगितलं होतं. मी मात्र अजून बाजाराच्या दिवशीच देतो, हे कबूल करतो. बाया तुमचं नाव घेऊन टोमणे मारतात.

त्या तीन दिवसांत तुम्ही आणलेला स्टीलचा डबा आमच्याच घरी राहिला. झाकणावर तुमचं नाव कोरलेलं आहे, तरी आई त्यात शेंगदाणे ठेवायची. उद्या धाकटा तो घेऊन येईल. रिकामा डबा परत देत नाहीत, म्हणून आईनं त्यात यंदाच्या तुरीची डाळ भरली आहे.

तुमचा,
त्याचा मोठा भाऊ